गाण्यांची लिस्ट आहे का कुणाकडे?

मे संपत आला की आमच्या बालवाडीताईंच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो. "कुणाकडे नवीन गाण्यांची लिस्ट आहे का? ॲक्शनवाली पाहिजेत." मग धडाधड लिंका पडतात, पीडीएफ येतात, कुणीतरी वहीच्या पानांचे वाकडेतिकडे फोटो टाकतं, आणि जूनमध्ये सगळ्यांकडे भरपूर गाणी असतात आणि जुलैपर्यंत वर्गात तीच चार गाणी उरतात. गाण्यांची यादी म्हणजे प्लॅन असेल तर किराणाची यादी म्हणजे स्वयंपाक म्हणावं लागेल. यावेळी ग्रुपवर मी जरा जास्तच बोलले, त्यावर एक ताई म्हणाली, मग तू लिहूनच दे ना एकदा नीट. तर हे घ्या.

आधी थोडं माझ्या वर्गाबद्दल, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. मी मिरजेत बालवाडीला शिकवते, खेळगट, छोटा शिशू आणि मोठा शिशू असे तिन्ही गट हाताखालून जातात, म्हणजे तीन ते सहा वर्षांची पोरं. वर्गात मराठी घरची मुलं आहेत, कानडी बोलणारी आहेत (कर्नाटक काय, हाकेच्या अंतरावर), घरी दखनी-उर्दू बोलणारी आहेत. खोली एकच, पंखा आवाज करतो, बाहेर रिक्षा. मी गायिका वगैरे नाही, लहानपणी हार्मोनियमच्या एकदोन परीक्षा दिल्या तेवढंच भांडवल. आणि खरं सांगू का, या वयाच्या मुलांना तेवढं पुरतं.

माझं म्हणणं एकच आहे. गाणं कुठलं घ्यायचं हे नंतर बघा, आधी तुमच्या दिवसात गाण्याला जागा कुठे आहे ते शोधा. आठवड्यातून एक "संगीताचा तास" ठेवला की काय होतं, शुक्रवारी अर्धा तास सगळी मुलं एकदम कोंबून बसवायची, दहा मिनिटांनी मागची ओळ लोळायला लागते, पुढची भांडते, मग ताई स्पीकर लावते आणि तास संपतो. त्याऐवजी रोज दोनदोन-तीनतीन मिनिटं. तीन तासांच्या बालवाडीत मुलं किती वेळा एका कामातून दुसऱ्या कामात जातात ते मोजा एकदा! आल्यावर चपला काढून गोलात, गोलातून खेळात, खेळ आवरून हात धुवायला, हात धुवून डब्याला, डब्यानंतर बाहेर, बाहेरून परत, शेवटी दप्तर अडकवून दारात. प्रत्येक ठिकाणी आपण ओरडतो. "चला चला, बसा बसा, ए तू कुठे चाललास." जिथे जिथे ताईचा आवाज चढतो, तिथे तिथे एक गाणं बसतं. माझा वर्षाचा प्लॅन मी असाच सुरू करते, दिवसाचं वेळापत्रक लिहायचं आणि ओरडण्याच्या जागांवर लाल पेनाने खुणा करायच्या.

पहिली जागा हजेरी. "हजर ताई" ऐवजी आम्ही हाक गातो. मी गाते "कोऽण आऽलं?" आणि मूल गातं "मीऽ आऽलो". दोनच सूर, प आणि ग. वरून खाली. हे दोन सूर मी काही शोधून काढलेले नाहीत, अंगणातून मित्राला खाली बोलवणारं पोर नेमकं याच दोन सुरांत हाक मारतं, कधी खिडकीत उभं राहून ऐका. हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकाराच्या विचारातून मुलांना गाणं शिकवायची जी पद्धत तयार झाली तिचीही सुरुवात याच जोडीने होते, त्यांच्या भाषेत सो आणि मी. म्हणजे तिकडच्या पोरांना आणि मिरजेच्या पोरांना पहिला सूर एकच सापडतो, मला याची फार गंमत वाटते. सुरुवातीचे आठवडे निम्मी मुलं नुसतं बोलतात, काही पुटपुटतात, एखादं रडतं. चालेल. उत्तर नाही आलं तर मीच हळू गाऊन पुढे जायचं, थांबून "म्हण ना, म्हण ना" अजिबात करायचं नाही.

मग त्याच नावांच्या टाळ्या. ओम एक टाळी, सई दोन, अनुजा तीन, ज्ञानेश्वरी चार. मोठ्या गटात मुलं स्वतःच ठरवतात की आज एक टाळीवाले आधी हात धुतील, आणि मग एखाद्याला शोध लागतो की "माझं घरचं नाव एक टाळी आहे आणि शाळेतलं तीन!" आणि त्यावर डबा उघडेपर्यंत चर्चा. शब्द तोडायला शिकणं, पुढे वाचायला लागणारी सगळी तयारी यात आपोआप होते, पण पालकांना हे सांगितलं की ते लगेच विचारतात मग लिहायला कधी घेणार, त्यामुळे मी हल्ली जास्त सांगत नाही.

आवरण्याचं गाणं हे सगळ्यात कामाचं. आमचं मी घरीच केलंय, फार काही कविता नाही ती,

ठोकळा गेला घरी गं, घरी गं
बाहुली बसली दारी गं, दारी गं
चटई झाली रिकामी, रिकामी
आता डब्याची बारी गं, बारी गं

ओळीतला पहिला शब्द रोज बदलायचा. ठोकळ्याऐवजी गाडी, मणी, कागद, जे पसरलंय ते. मुलांना हे बदलणं इतकं आवडतं की मुद्दाम काहीतरी पसरून ठेवतात, "ताई आता हत्ती म्हणा ना." एक नियम मात्र पाळा, गाणं सुरू झाल्यावर मध्येच सूचना द्यायच्या नाहीत. गाणं हीच सूचना. तुम्ही गाता गाता "ए तो ठोकळा उचल" म्हणालात की मुलांना कळतं, गाण्याकडे लक्ष नाही दिलं तरी चालतंय, खरी ऑर्डर नंतर येतेच.

आता सुराबद्दल जरा थांबून बोलायचंय, कारण इथे बहुतेक ताईंचं गणित चुकलेलं असतं आणि दोष मुलांवर येतो. "आमच्या वर्गातली मुलं गातच नाहीत, नुसती आरडतात किंवा घोगरं बोलतात." मुलं तुमच्या पट्टीत गाऊच शकत नाहीत हो! आपल्याकडे गाणाऱ्या बायका साधारण हार्मोनियमच्या खालच्या सप्तकातल्या काळी चार, काळी पाचला सा धरतात, तो सा मुलांच्या आवाजाच्या तळाच्याही खाली जातो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला आरामात गाता येणारे सूर असतात जेमतेम पाच, हार्मोनियमच्या मधल्या सप्तकात पांढरी दोन ते पांढरी सहा. तेवढंच. म्हणजे पांढरी दोनला सा धरा आणि सा ते प च्या आत बसणारं गाणं घ्या, की एकदम वर्ग गायला लागतो. आपल्याला ते जरा वर वाटतं, सकाळी सकाळी घसा तयार नसतो, पण दोनतीन आठवड्यांत सवय होते. हार्मोनियम नसेल तर मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप असतं, त्यात डी सूर (म्हणजेच पांढरी दोन) लावायचा, एकदा ऐकून बंद करायचा आणि त्याच्या वरच्या सप्तकात गायचं.

आणि हो, स्पीकर. स्पीकरवरची तयार बालगीतं वाईट असतात असं मी म्हणत नाही, काही छानच आहेत. पण त्यातला वेग बदलता येत नाही. एखादं मूल तिसऱ्या कडव्यात अडकलं तर गाणं त्याच्यासाठी थांबत नाही. मागे इतका कीबोर्ड आणि ड्रम असतो की मुलाला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही, आणि स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय सूर कसा लागणार? शिवाय व्हिडिओ असेल तर तोंडं उघडी आणि हात थांबलेले, हे तुम्हीपण बघितलंय. आमच्या वर्गात स्पीकर महिन्यातून क्वचित, नुसतं ऐकण्यासाठी, दोन मिनिटांची सनई किंवा बासरी, बस्स.

मुख्य सत्र, म्हणजे ज्याला तुम्ही तास म्हणाल, ते खेळगटात सातआठ मिनिटं आणि मोठ्या शिशूत पंधरा, फार तर वीस. त्याचा क्रम मी सहसा बदलत नाही. ओळखीचं गाणं, मग अंग हलवायचं काहीतरी, मग नवीन किंवा अर्धवट आलेलं गाणं, मग ऐकण्याचा खेळ, मग शांत. नवीन गाणं एका वेळी एकच आणि ते दोनतीन आठवडे रोज. आपल्याला कंटाळा येतो, त्यांना नाही येत. शिकवताना "माझ्या मागून म्हणा" नाही करायचं. पहिले काही दिवस मी पूर्ण गाणं नुसतं गाते, मुलं काहीही करोत. मग ओळीचा शेवटचा शब्द गिळते आणि थांबते, मुलं तो बरोबर भरतात. मग शेवटचे दोन. असं करत करत एके दिवशी माझ्याकडे पहिला शब्द उरतो आणि बाकी गाणं त्यांचं झालेलं असतं. हातवारे शेवटी, कारण हातवारे आधी शिकवले की मुलं हात करतात आणि गायचं सोडून देतात.

ताल. इथे आपली घाई नडते किंवा आपला संथपणा नडतो, दोन्ही. चार वर्षांच्या पोराचा अंगचा वेग मोठ्या माणसापेक्षा जलद असतो, ते आपल्याबरोबर चालताना का पळतं ते आठवा. आपण संथ टाळी देतो आणि म्हणतो "बघा ताल धरता येत नाही". उलट करून बघा, मूल खोलीत चालतंय ना, त्याच्या पावलांवर तुम्ही ढोलकी वाजवा. मूल थांबलं, तुम्ही थांबा. पळालं, तुम्ही पळवा. दोन मिनिटांत त्याच्या लक्षात येतं की ही ढोलकी मीच वाजवतोय, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो काही भाव येतो तो बघण्यासारखा असतो. हे जमलं की मग उलट, मी वाजवेन तसं तुम्ही चाला. मुंगी, हत्ती, ससा, दमलेली म्हैस (म्हैस आमच्याकडे फार लोकप्रिय आहे). नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटल्या की घोडा. मग मध्येच थांबायचं, स्टॅच्यू. हे थांबणं म्हणजे निम्मं संगीत आहे, आणि तीन वर्षांच्या मुलाला ते फार अवघड जातं, पाय थांबतात पण हसू थांबत नाही.

मोठ्या गटात मी तबल्याचे बोल बडबडगीतासारखे घेते. केरवा आठ मात्रांचा, "धा गे ना ती, न क धी न", हे म्हणत गोलात चालायचं, आणि दादरा सहा मात्रांचा, "धा धी ना, धा ती ना", तो झोक्याचा, जागेवर डुलायचा. मात्रा, सम, खाली काही सांगायचं नाही. जिभेला मजा येते, बास. एका मुलानं घरी जाऊन आजोबांना "धागेनातीनकधीन" इतकं फास्ट म्हणून दाखवलं की ते दुसऱ्या दिवशी विचारायला आले, ही कुठली भाषा शिकवताय.

वाद्यं वाटणं हा खरा परीक्षेचा क्षण. खुळखुळा हातात आला की कान बंद होतात, हे निसर्गनियम समजा आणि वैतागू नका. माझ्या सवयी सांगते. सूचना सगळ्या वाद्य देण्याआधी. सुरुवातीला सगळ्यांना एकच वाद्य, नाहीतर "मला ती लाल पाहिजे" मध्ये सत्र संपतं. थांबण्याची खूण हाताची, तोंडाची नाही, कारण त्या गोंगाटात तुमचा आवाज कुठे पोचणार. वाजवायचं नसेल तेव्हा वाद्याला मांडीवर "झोपवायचं". आणि निम्म्या मुलांनी वाजवायचं, निम्म्यांनी त्यावर नाचायचं, मग अदलाबदल. सगळ्यांनी एकदम वाजवणं बंद खोलीत कानाला सहन होत नाही, मुलांच्याही.

वाद्यं विकतच घ्यायला पाहिजेत असं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, तिथे महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड अशी आसपास मिळणारी साधनं वापरली गेली. आपण अंगणवाडी म्हणतो ती कल्पना तिथलीच. त्या मानाने आपल्याकडे तर घरभर डबे पडलेले असतात. लहान प्लास्टिकच्या डब्या, एकीत तांदूळ, एकीत मोहरी, एकीत राजमा, एकीत नाणी. पॉलिश पेपर दोन ठोकळ्यांना चिकटवून घासला की आगगाडी (मिरज जंक्शन असल्यामुळे आगगाडीशिवाय आमचं काही चालतच नाही). मातीचं मडकं, चमचा-वाटी. विकत घ्यायचंच असेल तर बिनचामड्याची खंजिरी आणि लहान झांजा. मोठे पितळी टाळ या वयाला जड होतात. चिपळ्यांत बोट चिमटतं. घुंगरू पट्टीला पक्के शिवलेले बघा आणि दर आठवड्याला ओढून बघा, कारण सुटलेलं घुंगरू सरळ तोंडात जातं. डब्यांची झाकणं फेविक्विकने चिकटवून वरून टेप, यात आळस करू नका, राजमा नाकात घालणारं एक तरी पोर दरवर्षी असतंच.

खेळण्यातला झायलोफोन असेल तर एक युक्ती. कार्ल ऑर्फ नावाचे जर्मन संगीतकार होते, त्यांच्या पद्धतीत मुलांच्या झायलोफोनच्या पट्ट्या काढता येतात, त्यातल्या म आणि नी च्या पट्ट्या काढून ठेवतात. उरले काय? सा रे ग प ध. अरे हा तर भूप राग! या पाच सुरांत मूल कुठेही टोला मारो, कानाला खुपत नाही, दोघांनी मिळून वाजवलं तरी सुरांचं भांडण होत नाही. तुमच्या पट्ट्या निघत नसतील तर त्या दोनांवर चिकटपट्टी लावा.

ऐकण्याचे खेळ मी सत्राच्या शेवटाकडे ठेवते. डोळे मिटा म्हटलं तर लहान गटातलं कुणी मिटत नाही, बोटांच्या फटीतून बघतात, त्यामुळे टेबलावर चादर टाकून मागे बसायचं. किल्ल्या, वाटी, कागद फाडणं, पाणी ओतणं, काडेपेटी. त्याच डब्यांच्या जोड्या करून, मॉन्टेसरीच्या साधनांत अशा सहा जोड्या असतात, नुसत्या कानाने जुळवायच्या. आणि मॉन्टेसरीबाईंचाच शांततेचा खेळ, सगळे गप्प बसतात, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एकेकाचं नाव कुजबुजते, नाव ऐकू आलेलं मूल पाय न वाजवता माझ्याकडे येतं. घरी जायच्या आधी हे केलं की दारातली ढकलाढकली निम्मी होते.

काही मुलं कानावर हात ठेवतात. त्यांना ओढून गोलात आणायचं नाही, दाराजवळ त्यांची चटई टाका, तिथून बघू दे. अशीच एक मुलगी महिनेच्या महिने दाराशी बसून असायची, वर्गात अवाक्षर नाही, आणि तिची आई सांगायची घरी सगळी गाणी म्हणते, तुमच्या आवाजात ओरडतेसुद्धा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचा हात ढोलकीच्या चामड्यावर ठेवा, ताल हाताला कळतो. आणि कुणालाही, कधीही, "तू बेसूर आहेस" म्हणू नका. सूर जुळणं पाचसहा-सात वर्षांपर्यंत होत राहतं, काहींचं त्याहून उशिरा. तीन वर्षांच्या पोराला ओठ हलव नुसते, गाऊ नको असं सांगणारे लोक मी बघितलेत, गॅदरिंगच्या आधी खासकरून, आणि मला त्यांचा फार राग येतो.

महिन्यांचा प्लॅन कॅलेंडरच करून देतं. जूनमध्ये पाऊस, तळहातावर एका बोटानं टपटप, मग दोन, मग चार, मग मांड्या, मग पाय, आणि परत उलटं एका बोटापर्यंत. मुलांना शब्द न वापरता लहान-मोठा आवाज कळतो. आषाढात दिंडी, "विठ्ठल विठ्ठल" सावकाश सुरू करून वाढवत न्यायचं, पावली दोन पुढे एक मागे, शेवटी फुगडी. आश्विनात हादगा. पुण्याकडे भोंडला म्हणतात, आमच्याकडे हादगा. मध्ये हत्तीचं चित्र, भोवती फेर, गाण्याला गाणं जोडत जायचं, एक ओळ दुसरीत अडकलेली, आणि शेवटी खिरापत ओळखायची, डबा कानाशी हलवून! संगीताच्या कुठल्या कोर्समध्ये याहून चांगला प्लॅन मिळणार सांगा. पोरगे पण खेळतात आमच्याकडे, एकदोन आज्यांनी भुवया उंचावल्या, खिरापत खाल्ल्यावर खाली आल्या. इथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाच्या सुमाराला काही मुलं घरून कव्वालीच्या टाळ्या शिकून येतात, त्यांना मी मध्ये उभं करते आणि बाकीचे त्यांच्याकडून शिकतो, मीसुद्धा. एक आठवडा पाळण्यांचा असतो. आज्यांना बोलवायचं आणि बाहुलीला झोपवायला सांगायचं. कानडी आजी "जो जो" म्हणते, मराठी आजी पण "जो जो" म्हणते, मुलं ओरडतात "सेम आहे सेम आहे", आणि बाहुली जागी होते.

मिरजेत असण्याचा फायदा म्हणजे सतारमेकरांची गल्ली. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्ही मुलांना न्यायचो ते त्याच्या आधीपासून. मोठ्या शिशूला नेते, लहानांना धूळ आणि लाकडाचा भुसा झेपत नाही. तिथे आढ्याला आणि भिंतीला वाळलेले मोठमोठे भोपळे लटकत असतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ते. तुनाचं लाकूड, रंधा, पॉलिशचा वास. मुलांनी सतारीकडे ढुंकून बघितलं नाही, सगळे भोपळ्याखाली. एकानं कारागीर चाचांना विचारलं, "ह्यात म्हातारी बसली होती का?" चाचा काम न थांबवता म्हणाले, "व्हती की. लेकीकडं गेलीय, तूपरोटी खाऊन येईल." मग त्यांनी तयार तानपुरा आडवा ठेवला, प सा सा सा, चारच तारा, आणि एकेकाला भोपळ्याला कान लावायला दिला. तारेखालचा सुताचा दोरा जरा सरकवला की आवाज एकदम उघडतो, मधमाश्यांसारखा गुंजतो, तेव्हा कान लावलेलं पोर दचकून मागे व्हायचं आणि परत लावायचं. नंतर बरेच दिवस वर्गात जो तो पाण्याच्या पिंपाला, टेबलाला, मावशींच्या पोटाला कान लावून बघत होता.

लिहून ठेवायचा प्लॅन माझा आठवड्याला एक पान. वर वेळापत्रक, त्यात गाण्याच्या जागा. खाली चालू गाणं कुठवर आलंय, शेवटचा शब्द की अर्धी ओळ. उजवीकडे रिकामी पट्टी, तिथे बघितलेलं लिहायचं, कोण पहिल्यांदा गायलं, कुणाची टाळी जुळली, कुणाला मडक्याचा आवाज आवडत नाही. "उद्दिष्टे, साहित्य, कृती, मूल्यमापन" अशी चौकट ऑफिसला द्यावी लागत असेल तर द्या, नवीन शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्याच्या २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात खेळातून शिकणं आहेच, त्यामुळे शब्द सापडतात. पण वर्गात चालवायचा कागद वेगळा ठेवा. पाऊस, लग्नसराई, अर्धी मुलं गैरहजर, लाईट गेली, या सगळ्यात तो एक पानाचाच कागद टिकतो.

आणि गॅदरिंग. डिसेंबर-जानेवारीत दोन महिने सगळं सोडून एकाच सिनेमाच्या गाण्यावर स्टेप बसवणं, भाड्याचे चमकीचे कपडे, स्टेजवर लाईट बघून रडणारी पोरं आणि खाली मोबाईल वर धरलेले पालक, मी बरीच वर्षं बघितलं. हल्ली आमच्या वर्गाचं आम्ही वेगळं करतो. स्टेज नाही. पालकांनाच चटईवर गोलात बसवायचं आणि रोजचा गोल जसाच्या तसा करायचा, मुलांच्या शेजारी पालक. हजेरीची हाक पालकांना घ्यायची, "कोऽण आऽलं?" आणि इंजिनिअर बाबा लाजून नुसतं "हजर" म्हणतात, मुलं त्यांना दुरुस्त करतात. पाऊस पाडायचा. म्हैस चालायची, सगळ्यांनी. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, व्हिडिओ नीट येत नाही म्हणून, दुसऱ्या वर्षी कमी. गेल्या खेपेला वाद्यं वाटल्यावर मी हाताची खूण केली तेव्हा सगळ्या मुलांनी वाद्यं मांडीवर झोपवली, आणि एक आजोबा डोळे मिटून खंजिरी वाजवतच राहिले, त्यांचा नातू त्यांचा सदरा ओढून सांगतोय "आबा, झोपवा तिला, झोपवा", पण छे, शेवटी मावशींना जाऊन ती काढून घ्यावी लागली आणि डब्याची वेळ होऊन गेली.